संध्याकाळी साडेपाचची फेरी बंद करा

"नमस्कार डॉक्टर. आम्ही नागपूरला वर्धा रोडच्या बाजूला राहतो. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यांना सीओपीडी (श्वासनळ्या आकसण्याचा जुनाट आजार) आहे, बीपीची गोळीही चालू आहे. डिसेंबरात खोकला वाढला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, सकाळच्या धुक्यात फिरू नका, संध्याकाळी जा. तेव्हापासून बाबा रोज साडेपाचला निघतात. गाड्यांचा धूर नको म्हणून स्कूटरने वस्तीबाहेरच्या मोकळ्या मैदानावर जातात आणि पाच फेऱ्या मारतात. फेब्रुवारीपर्यंत छान चाललं होतं. एप्रिल लागला तसं दुसऱ्याच फेरीला छाती भरून येते, घसा जळजळतो. श्वासाचा पंपही (इन्हेलर) कधीकधी लागू पडत नाही म्हणतात. मी रोज सकाळी मोबाइलवर हवेचा आकडा बघते, नव्वदीच्या आसपास असतो, खाली 'समाधानकारक' लिहिलेलं असतं. शेजारचे काका म्हणतात, प्रदूषण थंडीत असतं, उन्हाळ्यात हवा स्वच्छच असते. मग हे कशानं होतंय, नुसत्या उन्हानं? मास्क लावून पाठवू का? एअर प्युरिफायर घ्यावा का? कूलरनं त्रास वाढतो का? मुलगा ९ वर्षांचा आहे, सुट्टी लागल्यापासून चार वाजता क्रिकेटला पळतो. त्याचं काय करू? ता. क. बाबा माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकतात."

ताई, ताज्या कलमातल्या शेवटच्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून लिहिते आहे. हे उत्तर बाबांनाच वाचायला द्या.

तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर होता. तो डिसेंबरचा होता, एवढंच. थंडीत रात्री जमीन गार पडते, तिला चिकटलेली हवाही गार होऊन खालीच बसते आणि तिच्यावर थोड्या उबदार हवेचं झाकण बसतं. शेकोट्या, गाड्या, जाळलेला कचरा, सगळ्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. म्हणून थंडीतली पहाट सर्वांत वाईट. ऊन चढलं की झाकण उघडतं, म्हणून संध्याकाळ बरी. एप्रिल-मेमध्ये दुपारची तापलेली हवा एक-दोन किलोमीटर उंच चढते, धुराचे कण त्या उंचीत पांगतात आणि आकडा उतरतो. शेजारच्या काकांचं म्हणणं इथपर्यंत खरं आहे.

पण कण पांगले म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही. उन्हाळ्यात दुसराच एक पदार्थ तयार होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ओझोन. हे नाव आपण शाळेत चांगल्या अर्थानं शिकलो, पृथ्वीची छत्री वगैरे. ती छत्री वीस-पंचवीस किलोमीटर वर आहे आणि तिथेच ठीक आहे. तोच वायू आपल्या नाकाशी आला की फुप्फुसाच्या आतल्या नाजूक अस्तराला पोळतो.

हा ओझोन कुठल्याही सायलेन्सरमधून किंवा चिमणीतून थेट बाहेर पडत नाही. तो उन्हात बनतो. तुमच्या गच्चीवर सध्या कुरड्या-पापडांचं वाळवण असेलच. सकाळी ओला चीक घालायचा आणि संध्याकाळी कडकडीत कुरडई उचलायची. शहरही रोज तेच करतं. सकाळी गाड्या, डिझेल जनरेटर आणि वीज केंद्रं नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतात. पेट्रोल, रंग, थिनर, धुमसणारा कचरा यांची वाफ त्यात मिसळते. दिवसभर त्यावर कडक ऊन पडतं आणि दुपारी दोन-तीनपासून संध्याकाळी सहापर्यंत ओझोनचा माल तयार असतो. हवा जितकी तापेल तितकी ही क्रिया वेगानं होते, शिवाय कच्चा मालही वाढतो. मे महिन्यात भरदुपारी पेट्रोल पंपावर उभं राहिलात तर वास किती भपकन येतो, आठवून बघा. तो वास म्हणजे कच्चा माल. झाडांच्या पानांतूनही उष्णतेत काही वायू जास्त सुटतात आणि तेही ओझोनला हातभार लावतात. (म्हणून कोणी झाडं तोडायला निघू नका. गाड्यांचा धूर नसेल तर झाडांचे वायू असा उपद्रव करत नाहीत.) त्यात उन्हाळ्यात एसी आणि कूलर दिवसरात्र चालतात, विजेची मागणी चढते आणि आपल्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत तेवढा जास्त कोळसा जळतो. भांडेवाडीच्या कचऱ्याला उन्हाळ्यात आग लागते ती वेगळीच.

हे सगळं लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा उलगडलं. १९४०च्या दशकात तिथे भरउन्हात डोळे चुरचुरायचे आणि कारण कोणाला कळेना. १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की मोटारींच्या आणि तेल कारखान्यांच्या वाफांवर ऊन पडलं की ओझोन बनतो. हा माणूस खरं तर अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. मोटार कंपन्यांना त्याचं म्हणणं मान्य करायला बरीच वर्षं लागली, तो भाग सोडून देऊ.

आता बाबांचं मैदान. धुरापासून लांब जावं हा त्यांचा विचार शहाणपणाचाच आहे, पण ओझोनच्या बाबतीत गणित उलटं पडतं. भर चौकात गाड्यांतून सुटणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, म्हणून गजबजलेल्या रस्त्यावर ओझोन अनेकदा कमी असतो. वाऱ्याबरोबर ही हवा शहराच्या कडेला पोचेपर्यंत खाणारा वायू संपतो आणि ओझोन साचत जातो. त्यामुळे मोकळं, हिरवं, वस्तीबाहेरचं मैदान उन्हाळ्याच्या दुपारी सीताबर्डीच्या चौकापेक्षा ओझोननं जास्त भरलेलं असू शकतं. याचा अर्थ बाबांनी चौकात फिरावं असा नाही, तिथे धूर आणि कण आहेतच. जागा तीच राहू द्या, वेळ बदला.

साडेपाचची वेळ फसवी आहे, कारण ती सुरक्षित वाटते. उष्णतेच्या लाटेच्या सूचना सांगतात, दुपारी बारा ते तीन-चार बाहेर पडू नका. त्या उन्हापुरत्या आहेत आणि बरोबर आहेत. पण मग ऊन उतरलं म्हणून लोक पाच वाजता टॉवेल खांद्यावर टाकून निघतात, आणि वाळवण तर तेव्हाच तयार झालेलं असतं. सूर्य मावळल्यावर नवा ओझोन बनणं थांबतं आणि रात्री तो उतरत जातो. पहाटे सर्वांत कमी असतो.

मग मोबाइलवर 'समाधानकारक' कसं दिसतं? एक तर तुम्ही तो सकाळी बघता, म्हणजे पापड लाटायच्या आधी वाळलेत का ते बघण्यासारखं. दुसरं, हा आकडा त्या क्षणाचा नसतो. आपल्याकडच्या निर्देशांकात धुळीच्या कणांची २४ तासांची सरासरी धरतात, ओझोनची ८ तासांची. ज्या घटकाचा उपआकडा सर्वांत मोठा, तोच संपूर्ण हवेचा आकडा म्हणून दाखवतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपमध्ये आकड्याबरोबर प्रमुख प्रदूषक कोणता तेही लिहिलेलं असतं. संध्याकाळी चार-पाचला ते बघत चला. तिथे ओझोन दिसला, तर आकडा शंभरच्या खाली असला तरी बाबांना घरी बसवा. ओझोनसाठी आपलं राष्ट्रीय मानक ८ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे, पण ते धडधाकट माणसाला धरून जितकं पुरेसं वाटतं तितकं सीओपीडीवाल्याला पुरतंच असं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ऊन की हवा? दोन्ही, आणि ती एकमेकांना धरून चालतात. उकाड्यात शरीर थंड ठेवायला हृदय रक्त कातडीकडे ढकलत राहतं, म्हणजे बसल्या जागी त्याला जास्त काम. घामानं पाणी जातं, रक्त दाट होतं, छातीतला कफही चिकट होतो आणि सुटत नाही. श्वास वाढतो. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, झपझप चालताना त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे हवा सर्वांत वाईट असताना बाबा ती सर्वांत जास्त ओढतात, तीही तोंडानं, नाकाची गाळणी टाळून. ओझोननं बारीक श्वासनळ्या आकसतात, खोल श्वास घेतला की छातीत टोचतं, घसा जळतो. त्यांनी सांगितलेलं लक्षण न लक्षण हेच आहे.

दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं याचा एक अभ्यास माझ्या कायम लक्षात राहिलाय. कॅलिफोर्नियात १५ लाखांहून जास्त मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. नुसत्या अतिउष्ण दिवशी मृत्यूचा धोका ६ टक्क्यांच्या आसपास वाढलेला दिसला, नुसत्या सूक्ष्म कणांच्या अतिप्रदूषित दिवशी ५ टक्के. दोन्ही एकाच दिवशी आले तेव्हा बेरीज अकरा व्हायला हवी होती. झाली २१. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत घरातलं म्हातारं माणूस 'काही नाही गं, ऊन आहे' म्हणालं की मला तो आकडा आठवतो.

पंप लागू पडत नाही, हे वाक्य तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. माझी नजर तिथेच अडकली. बाबा स्कूटरने जातात. पंप कुठे ठेवतात? माझा अंदाज आहे, डिक्कीत. जाऊन बघा. माझ्या दवाखान्यात दर मे महिन्यात असे दोन-तीन पेशंट येतात, डिक्कीत आरसी बुक, फडकं, पाना आणि त्यांच्याबरोबर भाजून निघालेला इन्हेलर. दाबाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ३० अंशांच्या वर ठेवू नका. नागपुरात मे महिन्यात सावलीतसुद्धा ते जमणं कठीण, आणि उन्हात उभ्या स्कूटरची डिक्की उघडताना हाताला चटका बसतो. अशा डबीतून औषधाचा फवारा नीट मात्रेत येईलच असं नाही. आहे ती डबी बाजूला ठेवा, नवी घ्या आणि ती बाबांच्या सदऱ्याच्या खिशात राहू द्या. घरात सर्वांत थंड खोलीत, फ्रिजमध्ये नको. स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून घेतात ना, तेही बघा. पुष्कळांना दहा वर्षं पंप घेऊनही तो ओढता येत नाही, आणि लाजेनं ते विचारत नाहीत.

बीपीच्या गोळीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, आपण पाण्याची गोळी म्हणतो ते. उन्हाळ्यात घाम आणि ती गोळी मिळून पाणी फार काढतात, उठताना चक्कर येते. गोळी स्वतःहून बंद करू नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचं बीपी एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर 'भरपूर' हे उत्तर नसतं. पन्हं द्या, पण बीपी आहे हे लक्षात ठेवून मिठाचा हात आखडता.

मास्कनं काम होणार नाही. एन-९५ कण अडवतो, ओझोन हा वायू आहे, तो आरपार जातो. आणि ४४ अंशांत सीओपीडीच्या माणसाला मास्क लावून चालायला लावणं मला तरी अघोरी वाटतं. वावटळ उठली, झाडलोटीची धूळ उडाली किंवा कोणी पालापाचोळा पेटवला, तेवढ्यापुरता खिशात असू द्या.

प्युरिफायरचे पैसे वाचवा. तुमच्याकडे कूलर आहे, आणि कूलर चालायचा तर खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट वाफ कोंडते. उघड्या खिडकीच्या खोलीत प्युरिफायर म्हणजे गच्चीवर एसी लावल्यासारखं. शिवाय चांगला प्युरिफायरसुद्धा मुख्यतः कणच पकडतो. बाजारात 'आयन' किंवा 'ओझोन' सोडून हवा ताजी करणारी यंत्रं विकतात, ती तर दारातही येऊ देऊ नका. ज्याच्यापासून पळतोय तेच विकत आणायचं!

कूलर मात्र चालवा. कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो, त्यामुळे तो रस्त्याच्या बाजूला असेल तर मागच्या अंगणाच्या बाजूला हलवता येईल का बघा. पण बाहेर ४४ असताना उष्णता हा पहिला शत्रू आहे आणि नुसता पंखा त्या तापमानात गरम वाराच अंगावर फेकतो. त्रास होतो तो कूलरनं नाही, त्याच्या गवतानं. गेल्या वर्षीचं गवत तसंच ठेवून यंदा पाणी सोडलं की पहिल्या दिवशी जो कुबट वास येतो तो बुरशीचा आणि दम्याच्या माणसाला तो पुरे होतो. गवत दर उन्हाळ्यात नवं, टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासायची, डेंग्यूच्या डासांसाठीसुद्धा. खस परवडत असेल तर उत्तम, वास तरी छान येतो.

डासांवरून आठवलं. रात्री कॉइल लावता का? एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात, असं २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. बाहेरच्या हवेवर आपण इतकं बोलतो आणि बाबांच्या पलंगाखाली रात्रभर ती हिरवी जिलेबी धुमसत असते. मच्छरदाणी बांधा.

मुलाला क्रिकेट बंद करू नका, सकाळी सहा ते साडेआठ खेळू दे. पोरं सुट्टीत उठत नाहीत म्हणाल, तर बॅट बाबांच्या ताब्यात द्या. लहान मुलं वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात आणि खेळताना थांबायचं भान त्यांना नसतं. दुपारी चारला आईस्क्रीम, कॅरम, मामाच्या गावच्या गप्पा, काहीही. संध्याकाळी सायकल वगैरे हवीच असेल तर दिवेलागणीनंतर. खेळून आल्यावर कोरडा खोकला येत असेल, हसताना किंवा खोल श्वास घेताना खोकत असेल तर मात्र एकदा दाखवून घ्या.

एक स्वस्त उपकरण सुचवते, पीक फ्लो मीटर. औषधाच्या दुकानात मिळतं, प्लॅस्टिकची नळी आणि त्यावर सरकणारा काटा. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, उभं राहून जोरात तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. संध्याकाळचा आकडा रोज सकाळच्यापेक्षा घसरत असेल तर तुमच्या डॉक्टरांना नव्यानं काही सांगायची गरज उरणार नाही, वही पुढे करा. एस.टी.वाल्याला लॉगशीट भरायची सवय असतेच.

आणि पुढचं काही दिसलं तर वहीबिही बाजूला ठेवून १०८ फिरवा: एक वाक्य एका दमात पुरं करता येत नाही, ओठ निळसर दिसतात, माणूस गुंगीत जातो किंवा असंबद्ध बोलतो, अंग भट्टीसारखं तापलंय. गाडी येईपर्यंत सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि पंखा लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता बाबांसाठी. बाबा, तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवलीत, मुक्कामाची गाडी तुम्हाला माहीत आहे. गावात रात्री थांबायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. जूनचा पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत तुमची तीच ड्युटी लावली आहे. निघायची वेळ पहाटे ५.३०, परत ६.४५ च्या आत, म्हणजे गाड्यांची आणि झाडलोटीची गर्दी सुरू व्हायच्या आधी. फेऱ्या पाच नाही, तीन. बोलता येईल इतक्याच वेगानं. पंप खिशात. दिवाळीनंतर थंडी पडली की पुन्हा संध्याकाळची पाळी मिळेल, तेव्हा मला लिहा.